रिकामी ठेवायची न्हाई

“सर, ही जर खंडोबाची पिशवी असेल, तर हिच्या पाठीवर पट्टा ओवायची घरं कशाला? खंडोबा काय बेल्ट लावायचा का?”

वर्गात असा हशा उठला की शेजारच्या तुकडीतल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. प्रश्नातलं पहिलं वाक्य चिन्मयीचं स्वतःचं होतं, दुसरं मागच्या बाकांनी मिळून बनवलेलं. “हिंमत असंल तर भर वर्गात विचार,” दीपमालाने कानात म्हटलं होतं, “विचारलंस तर गांधी चमनला भेळ माझ्याकडून.” दहावी सुरू होईपर्यंतची चिन्मयी असती तर वहीत तोंड खुपसून बसली असती. पण पंधरा ऑगस्टच्या भाषणात तिचा पहिला नंबर आला, माईकमधून स्वतःचा आवाज मैदानाच्या पार कुंपणापर्यंत गेलेला तिने ऐकला, आणि तेव्हापासून ही पोरगी कुणाला भीत म्हणून नव्हती. ती उठली, वेणी मागे टाकली आणि विचारून मोकळी झाली.

समोर फळ्याजवळ शालू उभी होती. हातात ती चामड्याची पिशवी, इतिहासाच्या तासाला दाखवायला घरून आणलेली. शालू जूनमध्ये आष्टीहून आलेली. आई मागच्या साली वारली, वडील कडूबा इथे एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागले, म्हणून तीही जालन्याला आली. वर्ग हसत होता तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. तिने पिशवी उलटी केली, मागची ती दोन चामडी घरं बोटाने चाचपली आणि म्हणाली, “मला न्हाई माहीत. आमच्याकडं आजपत्तर कोनी उलटी करून बघितलीच न्हाई.”

आणि मग हसली. तिच्या वरच्या सुळ्यावर एक दात चढलेला होता. हसली की तो आधी दिसायचा, आणि समोरच्यालाही उगाच हसू यायचं.

“बघा,” भुजंग सर टेबलावर थाप मारून म्हणाले, “याला म्हणतात प्रामाणिक उत्तर!”

प्रश्न चिन्मयीने विचारला होता. शाबासकी मिळाली उत्तराला. ते उत्तर काय, तर म्हणे माहीत नाही! चिन्मयी खाली बसली. दीपमालाच्या चेहऱ्याकडे तिने टाळीसाठी बघितलं, तर दीपमाला समोर बघत होती. “काय भारी बोलते गं ती,” दीपमाला म्हणाली.

भेळ त्या दिवशी राहूनच गेली.

*

शाळेचं इतिहासाचं दालन जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होतं. प्रत्येक वस्तूपाशी एकच मुलगी उभी राहून बोलणार, असा नियम होता. पिशवीपाशी कोण, ते सर शेवटी ठरवणार होते. तोपर्यंत दोघींनी मिळून काम करायचं: वस्तू शालूची, शोध चिन्मयीचा. चिन्मयीला त्यात काही अवघड वाटत नव्हतं. शोध लावणाराच बोलणार, सरळ आहे.

शाळा सुटल्यावर शालूने पिशवी तिच्या हातात दिली. तळहातात मावेल एवढी, खाली गोलसर, वरून झडप. झडपेला पितळी गुंडी. मूळची काळी असावी, पण हळद खाऊन खाऊन तपकिरी-पिवळी झालेली. आष्टीला ती देवाच्या फळीशेजारी खुंटीला टांगलेली असायची. चंपाषष्ठीला तिच्यात नवा भंडारा भरायचा आणि रोज दिवेलागणीला वरून एक चिमूट टाकायची.

“फकस्त रिकामी ठिवू नको,” शालू म्हणाली.

“का? देव कोपतो?”

“देवाचं काई बोलले न्हाईत आजोबा.” शालू जरा थांबली. “रिकामी ठेवायची न्हाई, येवढंच म्हनायचे. बिलकुल न्हाई.”

“बरं बाई, नाही ठेवत.”

घरी आल्याबरोबर चिन्मयीने जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि पिशवी पालथी केली. भंडारा भसकन पडला. वरचा ताजा, पिवळाधमक. खालचा जुना, घट्ट, मातकट. चमच्याच्या दांड्याने खरवडून तिने सगळा काढला आणि एका स्टीलच्या डब्यात भरून ठेवला. रिकामी पिशवी तिने दिव्याखाली धरली आणि आत बघितलं.

आत लोकर होती.

तोंडापाशी मेंढीच्या कातड्याची एक पट्टी शिवलेली होती, केस आतल्या बाजूला. हळदीने पिवळी झालेली, पण अजून दाट. गुंडीच्या मागे चामड्यावर एक ठसा होता, बाणाच्या टोकासारखा, आणि खाली पुसट आकडे. टाके हाताचे, एकसारखे. चिन्मयीने मोबाईलवर फोटो शोधायला सुरुवात केली. काडतुसांची पाकिटं मोठी निघाली. तंबाखूच्या पिशव्यांना मागे घरं नसतात. आईने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी कुठल्याशा परदेशी संग्रहालयाच्या पानावर तिला हिची जुळी बहीण सापडली: तीच गोलाई, तीच गुंडी, तोंडाशी तीच लोकर.

“बाबा! आई! अरे इकडे या, जल्दी!”

जगन्नाथ, म्हणजे तिचे बाबा, बियाण्याच्या कंपनीतून नुकतेच आलेले. हात पुसत आले. चिन्मयी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि तिने भाषणच दिलं. ही इंग्रजी फौजेतल्या शिपायाच्या पट्ट्याला लावायची पिशवी, तो बाणाचा ठसा सरकारी मालाचा. पूर्वीच्या बंदुकीच्या कानावर तांब्याची एक टोपी बसवावी लागायची, मसुरीच्या दाण्याहून थोडी मोठी, मग चाप ओढायचा. त्या टोप्या हिच्यात असायच्या. शिपाई पळताना त्या सांडू नयेत म्हणून ही लोकर. बोट आत घालायचं, एकेक टोपी ओढून काढायची. जालन्यात कधीकाळी फौजेची छावणी होती, तेव्हा ही आष्टीपर्यंत कशी गेली असेल ते उघडच आहे.

“म्हणजे ते बिचारे इतकी वर्षं बंदुकीच्या टोप्यांची पिशवी पुजून राहिले?” बाबा हसले.

“तेच तर!”

“चिनू,” आई म्हणाली आणि तिने तिच्या कानामागे बट सारली, “वकील हो बाई तू.” तिच्या आईचं, उमाचं, हे ठरलेलं होतं. तहसीलमधून दमून आली असली तरी ‘चिनू’ म्हणताना तिचा आवाज मऊ पडायचा. त्या हाकेला चिन्मयी इतकी सरावलेली होती की तिला ती ऐकूही येत नसे.

झोपायला जाण्याआधी तिने एकदा तर्जनी पिशवीत घालून बघितली, शिपाई घालत असेल तशी. लोकर कोरडी होती. बोट बाहेर काढताना ती जराशी आवळल्यासारखी वाटली. चामडं आटलं असेल, चिन्मयीने विचार केला. सकाळच्या उजेडात फोटो काढायचे होते, म्हणून तिने पिशवी तशीच, रिकामी, टेबलाच्या खणात ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी दीपमाला आणि शालू एकसारख्या क्लिपा लावून आल्या. लाल, त्यावर चमकीची फुलपाखरं. दीपमालाने शनि मंदिराजवळच्या दुकानातून जोडी घेतलेली. जोडीतली दुसरी आजवर चिन्मयीची असायची. पेन, रबर, राखी, सगळं.

“तुला काय, तुझ्याकडे ढीगभर आहेत,” दीपमाला म्हणाली. “तिच्याकडं एक बी न्हाई.”

“मी कुठं काय म्हटलं?” चिन्मयी म्हणाली.

पण दिवसभर फळ्याकडे बघताना मध्ये ते लाल फुलपाखरू येत राहिलं. शाळा सुटताना फाटकापाशी शालूने हात हलवला तेव्हाही ते तिच्या केसांत होतं. चिन्मयीने ते नीट बघितलं, कारण बघायचं नाही असं ठरवूनही तिला बघावंच लागलं.

घरी येऊन तिने खण उघडला, पिशवी काढली, झडप उघडली.

लाल क्लिप लोकरीत अडकून बसली होती. चमकीत एक लांब केस.

चिन्मयी हुशार होती. तिने एकेक करून सगळ्या शक्यता मांडल्या. दीपमालाने गंमत केली? दीपमाला तर शाळेतून थेट क्लासला गेली. शालू घरी येऊन गेली? घराला कुलूप होतं, किल्ली हिच्याच दप्तरात. ही क्लिप तिसरीच? तिने केस दिव्याखाली धरला. शालूच्या केसांना टोकाशी तांबूस झाक होती, गावच्या पाण्याची. याही केसाला होती.

सकाळी शालू म्हणाली, “क्लिप कुठं पडली कुनाला ठाव. रिक्षात बसले तवा व्हती.” दीपमाला जरा रुसली. चिन्मयीच्या दप्तरात क्लिप होती. ती काढून द्यायला तिचा हात गेलासुद्धा. पण दीपमाला म्हणाली, “जाऊ दे, चल चिन्मे, आपण दोघी जाऊ भेळीला,” आणि हात परत आला.

भेळ चांगली होती. नेहमीसारखीच होती.

*

रविवारी शालू कामासाठी चिन्मयीकडे आली. आल्या आल्या ती आईच्या पाया पडली. आईने तिला पोहे दिले, नको म्हणताना आणखी दिले, आष्टीचं विचारलं, वडिलांच्या कामाच्या पाळीचं विचारलं. शालू सांगू लागली. भट्टीतून लालभडक सळई कशी सापासारखी पळत येते, वडील ती चिमट्याने कशी धरतात, घरी आल्यावर त्यांच्या अंगाला लोखंडाचा वास कसा येतो. साधंच बोलत होती. पण बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“किती गोड बोलतेस गं तू,” आई म्हणाली. “आणि हसतेस तर इतकी छान! तो दात काढू नको हं कधी, कुणी सांगितलं तरी.”

शालू हसली. दात दिसला. आई हसली.

चिन्मयी पोह्यातले शेंगदाणे ताटलीच्या कडेला लावत बसली. शोध तिने लावला होता. ठसा तिने ओळखला होता. एवढं इंग्रजी पान वाचून काढलं होतं. आणि शालू नुसती हसत होती.

निघताना शालूने दारात चपला घालता घालता आत वळून बघितलं. आई तेव्हा ओरडत होती, “चिनू, ओढणी उचल गं सोफ्यावरची!” शालू ते ऐकत एक पाय चपलेत घालून तशीच उभी राहिली, कुणीतरी गाणं लावल्यासारखी.

“भंडारा भरलास ना गं पिशवीत?” तिने मग विचारलं.

“हो,” चिन्मयी म्हणाली. भरला नव्हता. फोटो अजून व्हायचे होते, असं तिने स्वतःला सांगितलं.

सोमवारी शालू तोंडावर रुमाल धरून आली.

“झोपंत पडला,” ती म्हणाली. “दुखलं बी न्हाई. रगत बी न्हाई. उशीखाली हुडकला, अंथरूण झटकलं. गावलाच न्हाई.” ती बोलताना ओठ मिटून बोलत होती. दीपमालाने काहीतरी विनोद केला, तेव्हा शालूने हसू येण्याआधीच मान खाली घातली.

चिन्मयीला मधल्या सुट्टीतच कळलं होतं, घरी जाऊन काय दिसणार ते. तरी ती सायकल इतकी जोरात मारत गेली की कुंडलिकेच्या पुलावर तिचा दम तुटला.

लोकर बाजूला सारली. आत तळाशी तो होता. पांढरा, जरासा तिरका, मुळाशी स्वच्छ.

तिने झडप लावून टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. ती घाबरली होती, हे खरं. पण आज दिवसभर वर्गात कुणी शालूकडे बघून हसलं नव्हतं, हेही तिने मोजलं होतं, आणि त्याने तिला बरं वाटलं होतं. हे मात्र तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

संध्याकाळी तिने दात आणि क्लिप कागदात गुंडाळून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. डब्यातला भंडारा आणला. पिशवी भरली, चमच्याने दाबली, पुन्हा भरली, काठोकाठ. गुंडी लावताना झडप ताणली गेली. मग ती खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे.

झालं. संपलं. आता पिशवी भरलेली होती.

*

“जिल्ह्याला पिशवीपाशी शालू बोलेल,” भुजंग सर प्रार्थनेनंतर म्हणाले. “माहिती चिन्मयीची, उत्तम आहे, ती फलकावर लागेल. पण शालू सांगते तेव्हा माणूस थांबतो. प्रदर्शनात माणूस थांबला पाहिजे.”

टाळ्या वाजल्या. चिन्मयीनेही वाजवल्या.

ती रांगेतून वर्गात गेली, बाकावर बसली आणि मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणू लागली. शालूच्या आवाजाबद्दल विचार करायचा नाही. सतरा, चौतीस. तो आवाज जरा खर्जातला होता, मधासारखा नाही, उलट कोरडा, चुलीतल्या राखेसारखा मऊ. एक्कावन्न. सर थांबतात. बाबा टीव्ही कमी करतात. अडुसष्ट. माईकमधून तो आवाज कुंपणापर्यंत कशाला, रस्त्यापर्यंत गेला असता.

पाढा पुढे आठवेना.

घरी कुणी नव्हतं. करंड्यामागून किल्ली घेतली. कुलूप उघडलं. खण ओढला.

पिशवी चपटी पडली होती.

गुंडी लागलेली होती. कुलूप लागलेलं होतं. खणात हळदीचा एक कण नव्हता. चिन्मयीने झडप उघडली. आत लोकर पांढरी होती. इतक्या वर्षांची हळद गेली होती. धुतल्यासारखी पांढरी, आणि ओलसर.

पिशवी हाताला कोमट लागत होती, कुणाच्या तरी कमरेवरून आत्ताच काढल्यासारखी.

तिने ती हळूच कानाशी नेली.

“आष्टीला आमच्या घरी,” पिशवी म्हणाली, खर्जात, कोरड्या मऊ आवाजात, “देवाच्या फळीशेजारी एक खुंटी हाय...”

चिन्मयीने गुंडी लावली.

आतलं बोलणं थांबलं नाही. फक्त बारीक झालं.

*

शालू दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा गळ्याला मफलर होता. डॉक्टरने घसा बघितला, काही नाही म्हणाला, गरम पाणी प्या म्हणाला. शालू ओठ हलवायची आणि हवा यायची. तुझ्याऐवजी चिन्मयी गेली तर चालेल का, असं सरांनी विचारल्यावर तिने पाटीवर लिहून दिलं. चिन्मयी जाईल जिल्ह्याला. हो. चालेल.

“तयारी कर,” सर चिन्मयीला म्हणाले. “चार दिवसांत तुलाच उभं राहायचंय.”

हेच तर हवं होतं. चिन्मयीने दुपारी रिकाम्या वर्गात उभं राहून सुरुवात केली. पहिलं वाक्य म्हटलं आणि ती गप्प झाली. आवाज तिचाच होता. पण वाक्य म्हणताना तिने ‘न्हाई’ म्हटलं होतं. जिथे शालू थांबायची, तिथेच ती थांबली होती.

दाराशी दीपमाला उभी होती. “भारी बोलतेस,” ती म्हणाली. “सेम शालूसारखं.”

सेम शालूसारखं. म्हणजे पहिला नंबर अजूनही शालूचाच. आवाज काढून घेतला तरीसुद्धा! चिन्मयीच्या मनात ती ओळखीची कळ उठली, आणि त्याच क्षणी तिला दिसलं की आता उरलंय काय. आता शालूकडे घ्यायला उरलंय काय? दात गेला. आवाज गेला. पुढची कळ उठेल ती कशासाठी?

मन आवरणं तिच्या हातात नव्हतं. तेवढं तिला पाढ्याच्या वेळीच कळलं होतं.

पिशवी हातातून सोडणं तेवढं हातात होतं.

*

एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत, शालूची खोली होती. ऊन अजून होतं. हवेत लोखंडाची बारीक काळी धूळ, कुठूनतरी सळया आदळल्याचा आवाज. कडूबा पाळीवर गेलेले. शालू शाळेच्या गणवेशातच, गॅसपाशी बसून तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं.

चिन्मयी बोलायचं ठरवून आली होती. भाषण तयार होतं. पण तिने नुसता कागद सोडला आणि पुढे ठेवला. क्लिप. दात.

शालूने क्लिप बघितली. दात बघितला. मग तिने हात पुढे केला, पिशवीसाठी. चिन्मयीने ती दप्तरातून काढून तिच्या हातावर ठेवली.

“मी भरली होती,” चिन्मयी म्हणाली. “शप्पथ. उशिरा भरली, पण भरली होती. माझंच चुकलं. मी तुझ्यावर... तू बोलायचीस ना, सगळे बघायचे, तेव्हा मला...”

शालूने झडप उघडली आणि पिशवी तोंडाशी नेली, पाणी प्यावं तशी.

आतलं बारीक बोलणं थांबलं.

तिने पिशवी खाली घेतली. गिळलं. मग तर्जनी लोकरीत घातली, वळवली, आणि बोट आतच ठेवून चिन्मयीकडे बघत राहिली.

“तुझी आई तुला चिनू म्हनती,” शालू म्हणाली.

आवाज परत आला होता. चिन्मयीला रडूच फुटलं. तिने शालूचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. “आला! अगं, आला तुझा आवाज!”

“लय मऊ म्हनती,” शालू म्हणाली. “मी त्या दिसापासून तेच ऐकून राह्यले. तुला तर ऐकू बी येत नसंल.”

“तू ये ना घरी. रोज ये. आईला तू किती आवडतेस!”

शालू हसली. दाताच्या जागी काळी फट होती.

“भंडारा भर आता,” चिन्मयी म्हणाली. “आधी भंडारा भर.”

“भरते ना,” शालू म्हणाली. “भरून ठेवते.”

तिने गणवेशाचा पट्टा सोडला. पिशवीच्या पाठीची दोन घरं पट्ट्यात ओवली, एक, मग दुसरं. पट्टा पुन्हा कमरेला बांधला. घरं पट्ट्याला बरोबर बसली. जराही सैल नाहीत.

*

परतीच्या रस्त्यावर चिन्मयीला इतकं हलकं वाटत होतं की मामा चौकात सिग्नल नसतानाही ती थांबली आणि उगाच हसली. मनात चाचपून बघितलं. शालूचा आवाज? असू दे तिला. दीपमाला? असू दे. कळ कुठेच नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला फक्त भूक लागली होती.

घरी पोचेपर्यंत तिने वाक्यं जुळवून ठेवली. आईबाबांना आधी सांगायचं, उद्या सरांना.

दार आईने उघडलं. दारात ती क्षणभर थांबली, चष्मा नसताना बघावं तशी.

“ये,” आई म्हणाली. “ये ना. बस.”

उशीर झाला म्हणून रागावली असेल. चिन्मयीने चपला काढल्या, दप्तर सोफ्यावर टाकलं. आईने ते उचलून व्यवस्थित तिच्या पायाशी ठेवलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि बनियनवर शर्ट चढवला.

आईने पाणी आणलं. ट्रेमध्ये. काचेच्या पेल्यात.

चिन्मयीने पेला घेतला नाही. ती उभी राहिली. भाषणाच्या वेळी राहायची तशी, पाय जुळवून, मान वर करून.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “जिल्ह्याला मी जाणार नाही. शालूच जाईल. तिची वस्तू आहे, तिनेच बोलायचं. उद्या मी सरांना सांगणार आहे, आणि कुणी काही म्हटलं तरी बदलणार नाही.”

दोघं तिच्याकडे बघत होते. कौतुकाने. बाबांनी हसून मान डोलावली.

“किती गोड बोलतेस गं तू,” आई म्हणाली, आणि कुणाची वाट बघावी तसं एकदा दाराकडे बघून आली. “पण बाळा, तुझ्या घरी विचारलंस का?”